डावऱ्या हाताचे सारवण

त्रेतायुग तेव्हा ऐन तारुण्यात होते आणि देव अजून माणसांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते. त्या काळी पयोदा नदीच्या उत्तर तीरावर शुभ्रावती नावाची नगरी होती. आम्रवनांनी वेढलेली, यज्ञधूमाने सुगंधित झालेली, कमळांनी भरलेल्या सरोवरांची. तिच्या मध्यभागी भूदेवीचा शंभर खांबांचा यज्ञमंडप होता. खांब चंदनी, छत सुवर्णाचे, पण जमीन मात्र मातीची. कारण भूदेवीला पाषाण चालत नसे, तिला शेणामातीने सारवलेली भुईच प्रिय. अशा या नगरीत माणसे तोंड मिटून जगत होती.

बारा वर्षांपूर्वी पयोदेला महापूर आला होता. धान्याची कोठारे वाहून गेली आणि नगरीची अब्रूही त्यांच्यामागोमाग गेली. भाऊ भावाच्या ताटातले ओढू लागला, पहारेकरीच घरे फोडू लागले. राजा उग्रधन्वा तेव्हा कोवळ्या वयाचा. तो नीलाद्री पर्वतावर जाऊन महर्षी शंखकर्णांच्या पायांवर पडला. एका पायावर उभे राहून सहस्र दिवस तप केलेले ते तेजःपुंज मुनी खाली उतरले, आणि वैशाखी अमावास्येच्या सकाळी मंडपाच्या ताज्या सारवणावर सुपाएवढे, तीन नखांचे एक पाऊल उमटलेले दिसले.

"हा त्रिनख असुर!" महर्षी गर्जले. "तुमच्यातलेच कोणीतरी त्याला बोलावते. नखे ज्या दिशेला, त्या दिशेला ते घर!"

त्या दिवसापासून नगरी चिडीचूप झाली. लूट थांबली, हे खरे. पण हसणेही थांबले. दर वैशाखी अमावास्येला पाऊल उमटे, महर्षी नाव उच्चारीत, आणि ते माणूस वेशीबाहेरच्या काटेवनात हाकलले जाई. पहिल्या अकरा अमावास्यांना अकरा माणसे गेली. का, असे कोणी विचारले नाही. विचारणाऱ्याच्याच घराकडे पुढच्या वर्षी नखे वळतात, हे लहान पोरालाही कळले होते.

मंडप सारवण्याची सेवा भद्रिकेच्या घराण्याकडे होती. वैशाखी अमावास्येच्या आदल्या दिवशी ती शेण कालवी, पांढरी माती मिसळी आणि खांबाखांबातून मागे सरकत संध्याकाळपर्यंत भुई सारवून काढी. दुसऱ्या दिवशी तिने मंडपाभोवती ताणलेल्या दोराच्या बाहेर उभे राहायचे. आत फक्त महर्षी, त्यांचे शिष्य आणि राजा. भद्रिका होती डावरी. घास उजव्या हाताने खाई, पण कामाला डावाच हात पुढे येई. तिची सासू तुंगाबाई तिला यावरून रोज धारेवर धरी.

"अगं डावरे, देवीची भुई आणि डावा हात! सारवताना हात फिरतो त्याच्या कमानी बघ कशा उफराट्या पडल्यात. सगळ्या बायकांच्या उजवीकडे झुकतात, तुझ्या डावीकडे."

"आत्याबाई, देवीला दिसतं की नाही ते देवी बघेल. तुम्ही भाजी निवडा."

"निवडते. अळी मात्र तुझ्या ताटात टाकते."

दोघींचे असे चाले. शेजारच्यांना वाटे, आज उद्या एकमेकींच्या झिंज्या उपटतील. पण तुंगेला ताप आला की भद्रिका तिच्या उशाशी बसे, आणि भद्रिकेला कुणी बाहेरचे डावरी म्हणाले की तुंगा त्याची सात पिढ्यांची लक्तरे काढी.

भद्रिकेचीही श्रद्धा होती. तीही दोराबाहेरून त्या पावलाला हात जोडी. गेल्या वर्षी नाव निघाले ते शेजारच्या वल्कलेचे. शिपाई येण्याआधी वल्कला भद्रिकेच्या दारावर मुठी आपटत ओरडली होती, "भद्रे, दार उघड गं!" आणि भद्रिकेने आतून अडसर घट्ट केला होता. तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता.

या वर्षी सकाळी सगळी नगरी दोराबाहेर उभी होती. महर्षींनी पावलाभोवती फेरी घातली, डोळे मिटले, आणि त्यांचा वज्रासारखा स्वर घुमला:

"नखे दक्षिणेला! कुंभारआळीतल्या शेवटच्या घरात राहणारी तुंगा ही असुराची आमंत्रक आहे. सूर्य माथ्यावर येण्याआधी तिला काटेवनात घाला!"

तुंगाबाईने आधी मागे वळून बघितले, जणू दुसरीच कोणी तुंगा असेल. मग म्हातारी म्हणाली, "मी? अहो, मला घरात सून ऐकत नाही, असुर काय ऐकणार?"

कोणी हसले नाही. शिपाई पुढे आले. भद्रिकेच्या कानात वल्कलेच्या मुठी आपटल्या. तिने दोर उचलला, खालून आत शिरली आणि थेट पावलापाशी जाऊन उकिडवी बसली.

"दूर हो, पापिणी!" शंखकर्ण गरजले. "असुरपदाच्या छायेत आलीस, भस्म होशील!"

"होऊ दे," ती म्हणाली, आणि बघत राहिली.

तिला आधी काहीतरी चुकलेले वाटले, आणि मग काय चुकले ते दिसले. सगळी भुई तिच्या डाव्या हाताची होती. कमानीमागून कमान डावीकडे झुकलेली. पण पावलाभोवतीचा वीतभर रुंद तुकडा? तिथल्या कमानी उजवीकडे. कुणीतरी इथले सारवण खरवडून काढले होते, पुन्हा ओले केले होते, आणि त्यात ठसा दाबला होता. रातोरात वाळलेल्या भुईवर ठसा धड उमटला नसणार.

"महाराज," ती उठून राजाला म्हणाली, "असुराला तीन नखं असतील, पण त्याला सारवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि तेही उजव्या हातानं."

"अज्ञ स्त्री, काय बरळतेस?" शंखकर्णांनी दरडावले.

"बरळत नाही. आत्याबाई, या इकडे. बारा वर्षं माझ्या कमानींना नावं ठेवताय ना? सांगा, ह्या कुणाच्या?"

शिपायांच्या हातातून म्हातारी सुटली, वाकली, डोळे बारीक केले. "तुझ्या नव्हेत," ती खात्रीने म्हणाली. "ह्या सरळ्या हाताच्या आहेत. आणि कामही गचाळ आहे. शेण नीट कालवलेलंच नाही."

राजा उग्रधन्वा पुढे आला. त्याने खुणेने शिष्य पिंगाक्षाला बोलावले आणि शेणाचा गोळा त्याच्या हातात दिला. त्याने हातभर भुई सारवली. दोराबाहेर उभ्या राहिलेल्या आयाबायांना लांबूनही दिसले: तीच कमान, तोच झुकाव, तेच न कालवलेले शेण.

महर्षींनी मान खाली घातली नाही. "होय," ते म्हणाले, "ठसा माझा आहे. काष्ठाचा, माझ्या हाताने कोरलेला. विसरलात का तो पूर? एकमेकांचे गळे धरणाऱ्या या जनावरांना वेदाने शांत केले नसते, भयाने केले. अकरा जीवांच्या मोलाने मी सहस्रांची नगरी राखली. राजा, तुझे सिंहासन याच पावलावर उभे आहे!"

राजाला हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक करून घ्यायचे नव्हते.

तेव्हा भद्रिका पेटली. "जनावरं आम्ही? उपाशी माणसानं धान्य ओढलं तर जनावर, आणि पोट भरलेल्यानं लाकडी पाय कोरला तर ऋषी? देवीची भुई, देवीचं नाव, आणि त्यावर तुमचं खोटं! आमची श्रद्धा होती हो, खरी होती. तिचं तुम्ही शेण केलंत, आणि तेही नीट कालवलं नाहीत. महाराज, तुम्ही छत्राखाली उभं राहून बघत होता. आणि आम्ही? आम्ही दारं लावून घेतली. मी लावली. वल्कला हाका मारत होती आणि मी अडसर घातला!"

तिने डावा तळवा भुईवर टेकवला. "आई, तुझ्यावर उमटलेलं तुला कळतं. आता तूच बोल."

शंभर खांब कंप पावले. मेघगर्जनेहून गंभीर आणि तरी आईच्या हाकेसारखा एक स्वर भुईतून उठला:

"कन्ये, या डाव्या हाताने मला न्हाऊ घातले, तो मी ओळखते. शंखकर्णा, असुर नव्हता. तू त्याला नाव दिलेस, राजाने छत्र दिले, आणि या प्रजेने आपल्या शेजाऱ्यांचा नैवेद्य दाखवला. आता तो जन्मला आहे!"

त्या उजव्या कमानींच्या तुकड्यातून धुरकट, विक्राळ, ताडाएवढी आकृती वर आली. तिला डोळे होते, जबडा होता, पण पाय नव्हते. लोंबकळत ती पाय शोधू लागली, आणि शंखकर्णांच्या पायांत उतरली. महर्षींच्या पावलांना तीन तीन नखे फुटली. त्यांना कोणी ढकलले नाही; त्यांचेच पाय त्यांना काटेवनाकडे घेऊन गेले.

"वर माग," देवी म्हणाली.

"ह्या असुराला मारून टाक," भद्रिका म्हणाली.

"भयाच्या अन्नावर वाढला तो भय संपेपर्यंत मरत नाही. पण एवढे देते: त्याला स्वतःचे पाय कधीच मिळणार नाहीत. त्याला कुणाच्या तरी पायांनी यावे लागेल, आणि उच्चासनावरचे पाय त्याला अधिक आवडतील. ते पाऊल मी माझ्या अंगावर उमटवून घेईन. बघायचे काम तुमचे."

काटेवनात माणसे धावली. अकरांतली चार जिवंत सापडली. वल्कला सापडली नाही. भद्रिकेने घरी येऊन दाराचा अडसर काढला, कोयत्याने त्याचे तुकडे केले आणि चुलीत घातले. मग तिने तो मंडपातला खोटा तुकडा खरवडून पुन्हा सारवला. राजा आत येऊ लागला, तशी ती न उठताच म्हणाली, "ओलं आहे. थांबा तिथंच." आणि उग्रधन्वा, मुकुटासकट, भुई वाळेपर्यंत उन्हात उभा राहिला.

"कोपरा राहिला गं, डावरे," मागून तुंगाबाई म्हणाली.

तेव्हापासून ओल्या सारवणावर कोणी पाय देत नाही. राजा असो की पुरोहित, तो उंबऱ्याबाहेर थांबतो. तो असुर मात्र अजून हिंडतो आहे, एकाच्या पायांतून दुसऱ्याच्या पायांत. म्हणून कुणी उंच जागी उभा राहून असुर आला, असुर आला असे ओरडू लागला, की शहाणी बाई त्याच्या तोंडाकडे बघत नाही. ती आधी त्याच्या पायांकडे बघते.