पिवळा धोंडा कुणाचा?

दगडांना बोलायची लाज वाटत नसे, त्या काळातली ही गोष्ट. गावाबाहेर गिरजाक्काची चुन्याची भट्टी होती. तिच्या अंगणातल्या चुनखडीच्या ढिगाशेजारी एक नवा पिवळा धोंडा येऊन पडला. चुनखडी नसलेले दगड गिरजाक्का नाल्यात फेकून देई, म्हणून तो घाबरला होता.

"खडूदादा, मी तुमच्यातलाच ना?" त्याने ढिगातल्या खडूच्या दगडाला विचारले.

"आम्ही पांढरे आणि मऊ. तू कुठे तसा आहेस?"

मग त्याने करड्या फरशीला विचारले. "आम्ही सपाट असतो, बाबा. तू तर बटाट्यासारखा," ती हसली.

शिंपल्यांनी भरलेला म्हातारा दगड म्हणाला, "माझे शिंपले बघ. तुझे कुठे हरवले?"

धोंडा पार गोंधळला. या तिघांचेही एकमेकांशी काही जुळत नव्हते. मग हे एका ढिगात कसे?

संध्याकाळी गिरजाक्का लिंबू घेऊन आली. तिने धोंड्यावर रस पिळला, तसा त्यावर बारीक फेस आला. "फेस आला म्हणजे चुनखडीच. हा आपलाच," म्हणत तिने त्याला ढिगावर ठेवले. हातातले लिंबू ठिबकत होते. थेंब पडले तिथे खडू फसफसला, फरशी फसफसली आणि म्हातारा दगडही.

"पण मी खडू की फरशी?" धोंड्याने विचारले.

"एकाच समुद्राच्या तळाशी साचलो आपण," म्हातारा दगड हळूच म्हणाला. "तेव्हा कोण कोण होतं, मला तरी कुठे आठवतंय?"

तशी फरशी म्हणाली, "सरका रे जरा. त्याला नीट बसू द्या."