अंगणातली आंदणाची कासवे

पूर्वी चंपकनगरात मेघवर्मा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व सोमिल नावाचा माळी होऊन राजवाड्याच्या बागेत राबत होता.

राणीच्या लग्नात रानकासवांची एक जोडी आंदण आली होती. त्या कुळात आंदणाची जोडी कधी वेगळी करीत नसत. केली तर राजाराणीचा संसार मोडेल, अशी समजूत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला जोडी दिसावी म्हणून अंगणातली झुडपे काढून सगळीकडे फरशी घातली होती.

एका दुपारी सोमिल तगरीला पाणी घालत असताना दासी मंदारिका आली.

"सोमिलदादा, कासवी उताणी पडलीय."

"कधीपासून?"

"सकाळी पाय हलवत होती. मला वाटलं, लाडात आलीत दोघं."

सोमिल धावला. फरशी तापली होती. कासवी मेली होती. तिच्या मागच्या पायांवर चाव्यांच्या जखमा होत्या. अंडी घालायला जागा उकरता उकरता नखे झिजून गेली होती. नर अजून तिच्या कवचाला धडका देत होता.

राजा आला आणि संतापला. "या खुन्यालाही इथेच उताणा टाका!"

"महाराज, त्याला मारू नका," सोमिल म्हणाला. "ऋतू आला की नर धडका देतो, पाय चावतो. रानात मादी झुडपात शिरते, लांब निघून जाते. इथं तिला जायला जागाच नव्हती. जोडी वेगळी ठेवा, असं मी आपल्याला दोनदा सांगितलं होतं."

"म्हणजे मी मारलं तिला?"

"आपण, आणि मी. मध्ये एक फळी आडवी टाकली असती तरी पुरे होतं. काम जाईल म्हणून टाकली नाही. शिक्षा आधी मला द्या."

राजाने कासवीकडे पाहिले. मग तोंड फिरवून म्हणाला, "घेऊन जा त्याला. तूही परत येऊ नकोस."

सोमिलने नराला टोपलीत घालून दूरच्या रानात सोडले.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका गृहस्थाला सांगितली. त्याची मुलगी नवऱ्याचा मार चुकवून तीनदा माहेरी आली होती. तिन्ही वेळा त्याने तिला परत पाठवले. चौथ्या वेळी ती मेल्याचा नुसता निरोप आला.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा तू होतास. मंदारिका म्हणजे तुझी पत्नी. माळी मी होतो. नर पशू होता, ऋतूपुढे त्याचा इलाज नव्हता. तुझ्या जावयाला ती सबब नाही. त्या जन्मी मी सत्य बोललो आणि एका जिवावर करुणा केली. पण कासवी जिवंत असताना फळी टाकायची राहूनच गेली."