कान असलेला चंद्र

फार पूर्वी समुद्रकाठी एक गाव होतं. गाव कसलं, खडकांच्या जबड्यात कशीबशी बसवलेली थोडी घरं. प्रत्येक घरापुढे खडकांमधून जेमतेम एक होडी जाईल एवढी वाट होती, आणि एकाची वाट दुसऱ्याच्या कामाची नव्हती.

म्हणून तिथे एक रीत पडली होती. पुरुष मासेमारीला लांब गेले की घरातलं सगळ्यात धाकटं मूल मोठ्या कागदावर चंद्र काढायचं, दरवेळी आपला तोच. कागद कंदिलावर चिकटवायचा आणि कंदील दारापुढच्या उंच काठीवर टांगायचा. एकाचा चंद्र बटाट्यासारखा, एकाचा दात विचकणारा, एकाचा तिरळा. परतणारा बाप पाण्यावरून आपल्या पोराचा चंद्र ओळखायचा आणि त्याच्या रोखाने होडी आत घालायचा.

एकदा पुरुष समुद्रावर गेले असताना गावात नवी शिक्षिका आली. बाई कामसू होती, मुलांवर जीव टाकणारी होती, मनाने वाईट तर मुळीच नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिचा राग येणार आहे.

कंदिलांवरची ती ध्यानं पाहून तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई, याला का चंद्र म्हणतात? बसा सगळे. मी शिकवते."

तिने फळ्यावर खडू टेकवला. "आधी एक मोठा गोल. त्याच्या पोटात दुसरा गोल, जरा बाजूला सरकवून. झाली की नाही कोर? आता इवलंसं नाक, एक मिटलेला डोळा आणि गालापर्यंत हसू. बघा, किती सोपं!"

सोपं होतंच. मुलांनी भराभर चंद्र काढले. ज्याचा जमला त्याला बाई "शाब्बास!" म्हणायची, आणि त्या एका शब्दासाठी पोरं जीव टाकू लागली. आयांनाही आनंद झाला. आपलं गाव कसं नीटनेटकं दिसतंय, असं त्या एकमेकींना सांगू लागल्या. बिचाऱ्यांनी कंदील जन्मभर काठावरूनच पाहिले होते. दारात कंदील हवा एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यावरचा चंद्र कोण वाचतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

एक मुलगी मात्र अडून बसली. तिच्या चंद्राला एक भलामोठा कान होता, सुपाएवढा.

"चंद्राला कान नसतो गं," बाई म्हणाली.

"माझ्या चंद्राला आहे," मुलगी म्हणाली. "माझा बा म्हणतो, लांबून कान दिसला की मी होडी वळवतो. कान नाय दिसला तर बाला घर कसं कळंल?"

बाईचा हात क्षणभर थांबला. पोर काहीतरी खरं सांगते आहे असं तिला वाटून गेलं. पण वर्गातले सगळे चंद्र एकसारखे झाले होते, आणि हा एकच त्यांत खुपत होता.

"तुझा बा काय एवढा वेडा आहे, स्वतःचं घर न ओळखायला?" ती हसून म्हणाली. तिने कान पुसून टाकला. मग मुलीची बोटं आपल्या मुठीत धरून तिच्याकडून गोल गिरवून घेतला, परत परत, तो आपोआप येईपर्यंत. "शाब्बास! आता कसा छान आला."

मुलगी आधी रडली, मग हसली. लहानच होती ती.

पुरुष परतले त्या दिवशी तिन्हीसांजेला धुकं उतरलं होतं. काठावर सगळे कंदील पेटले. सगळीकडे एकच कोर, एकच नाक, एकच हसू. बाई कौतुकाने बघत उभी होती. तेवढ्यात पाण्यावरून हाका आल्या.

"आमचा कुठला?"

"अरे, सगळे सारखेच दिसतात! कुणाची वाट कुठली?"

बाई पाण्याकडे धावली. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "थांबा! आत येऊ नका!" पण लाटांपुढे तिचा आवाज किती पोचणार? काही होड्या बाहेरच थांबल्या. जो सगळ्यांत पुढे होता, तो कान शोधत राहिला, कान कुठेच दिसेना, तेव्हा अंदाजाने वळला. लाकूड फुटल्याचा आवाज काठावर सगळ्यांनी ऐकला. त्या मुलीचा बाप घरी आला नाही.

गावाने बाईला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुःखाचे दिवस सरल्यावर पुरुषांना पुन्हा समुद्रावर जावं लागणार होतं. बाईने मुलांना बोलावलं आणि हात जोडून म्हणाली, "पोरांनो, मी चुकले. आपापला जुना चंद्र काढा. वाकडा काढा, कसाही काढा."

मुलांनी कागद ओढले. थोडा वेळ नुसतीच एकमेकांच्या कागदात डोकावली. मग सगळ्यांचे हात फिरू लागले, आणि कागदाकागदावर तीच हसरी कोर उतरली.

ती मुलगी आपला कागद घेऊन बाईपुढे आली. तिने कान काढला होता. अगदी लहान, कोरेच्या काठाला चिकटलेला, बोटाने झाकला तर दिसणारही नाही असा. पुसावा लागला तर चटकन पुसता यावा, म्हणून तिने तो फिकटच ठेवला होता.

"बाई," तिने घाबरत विचारलं, "एवढा चालंल का?"

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: मुलाची वाकडी रेघ सरळ करण्याआधी ती कुणासाठी काढली आहे ते विचारावं, आणि मुलाने आपणहून सांगितलं, तर हात थांबवून ऐकावं.