नावेचा दोर

पुष्कळ वर्षांमागे एक प्रांत होता. त्याच्या मधोमध नदी वाहत असे. एका काठावर सुभेदाराचा कोट, बाजार आणि वैद्याचे घर. दुसऱ्या काठावर सात गावे. वर्षाच्या खर्चाचा ठराव गावांची सभा लिहीत असे आणि सुभेदार त्यावर शिक्का उठवत असे. दोघांपैकी एक जरी अडला, तरी सरकारी कोठाराचे दार उघडत नसे.

रायाजी हा सभेचा प्रमुख. माणूस सरळ, पण हट्टाला पेटला की कुणाचे ऐकत नसे. त्या वर्षी सभेला धर्मशाळा हवी होती, सुभेदाराला बुरूज. सभेने बुरूज खोडला, म्हणून सुभेदाराने सगळाच ठराव अडवला. चार महिने असेच गेले.

एक दिवस नावाडी रायाजीकडे आला. नाव ज्या दोराच्या आधाराने नदी ओलांडायची, तो कुजला होता.

"अण्णा, नव्या दोराला तर कुणाचीच ना नाही. तेवढा वेगळा काढून मंजूर करा."

"दोर मिळाला की सुभेदार निवांत होईल," रायाजी म्हणाला. "अडल्याशिवाय तो वाकायचा नाही."

नावाडी सुभेदाराकडे गेला. तोही सभेबद्दल हेच म्हणाला.

आठवड्याभरात भर प्रवाहात दोर तुटला. नावाडी पोहून वाचला. नाव वाहून गेली.

त्याच दिवसांत रायाजीच्या शेजारची कुंभारीण तापाने फणफणली. रायाजीने काठावर उभे राहून वैद्याला हाका मारल्या. समोरून वैद्य हातवारे करून काही सांगत होता, पण पाण्याच्या आवाजात शब्द कळेना. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिचा नवरा एवढेच म्हणाला, "अण्णा, बुरूज अडला ना? झालं तर मग."

रायाजीने सभा बोलावली, एका ओळीच्या ठरावावर सगळ्यांची संमती घेतली आणि दोन दिवस चालत नदीच्या वरच्या अंगाला, पाणी उथळ होते तिथे गेला. छातीभर पाण्यातून पार होऊन त्याने तो कागद सुभेदारापुढे ठेवला : नवी नाव, नवा दोर.

"आणि बुरुजाचं काय?" सुभेदाराने विचारले.

"त्यावर भांडू की! आधी माणसं पार होऊ देत."

सुभेदाराने कागद पुढे ओढला. मग त्याने शिक्का उठवला.

पंधरा दिवसांत नाव फिरू लागली. बुरूज आणि धर्मशाळेचा वाद पुढेही वर्षभर चालला, आणि रायाजी पूर्वीइतकाच कडाडून भांडला. कुंभाराच्या घरावरून जाताना मात्र त्याची मान खाली असे.

तात्पर्य : ज्यावर मतभेद आहे त्यावर खुशाल भांडावे, पण ज्यावर एकमत आहे ते कधी ओलीस धरू नये.