आतला हात

एकदा एका म्हाताऱ्या कारागिराने आपल्याच शिष्याच्या नव्याकोऱ्या मुखवट्यात तांब्याभर पाणी ओतले. शिष्य समोर उभा, मुखवटा त्याच्या हातचा पहिला, आणि यात्रा पंधरवड्यावर आलेली. म्हाताऱ्याची बुद्धी फिरली असे तुम्हाला वाटेल. शिष्यालाही तसेच वाटले. पण आधी काय घडले ते ऐका.

त्या डोंगरगावात यात्रेच्या दिवशी सोंगे निघत. कागदाच्या लगद्याचे मुखवटे लावून आधी देव नाचत, त्यांच्यामागून राक्षस येई, आणि सारे गाव त्याला मनसोक्त शिव्या घाली. वर्षभर ज्यांना कोणापुढे तोंड उघडण्याची सोय नसे, ते त्या दिवशी पोटभर ओरडून घेत. मुखवटे करण्याचे काम आबांचे. रद्दी भिजवायची, उखळात कुटायची, मेथीची पूड आणि खळ घालून मळायची, साच्यावर थापून सावलीत वाळवायची, आणि शेवटी जवसाच्या तेलात राळ उकळून केलेल्या रोगणाचे हात द्यायचे. आता आबा थकले होते. म्हणून या वर्षीचा राक्षस त्यांनी शिष्याकडे, लखमाकडे सोपवला. जो राक्षस करील त्यानेच तो लावून नाचायचे, अशी तिथली रीत.

गावात एक शेठ होता. भातगिरणी त्याची, आणि लखमा दिवसा त्याच गिरणीत पोती उचलायचा. गेल्या यात्रेत राक्षस दिसताच पोरांनी "शेठ आला, शेठ आला" असा गिल्ला केला होता. ते शेठच्या जिव्हारी लागले. या वर्षी तो स्वतः आबांच्या ओसरीवर येऊन बसला.

"आबा, राक्षसाचं तोंड बदला. गाल एवढे फुगलेले नकोत, मिशाही नकोत. जरा हसरा करा."

"साचा माझ्या आजोबांचा आहे, शेठ," आबा म्हणाले. "तेव्हा तुमचे वडील पाळण्यातसुद्धा नव्हते. पुढे साच्याबरहुकूम माणूस निपजला, त्याला आजोबांनी काय करावं?"

शेठचे तोंड लाल झाले. तो कोपऱ्यात लगदा मळत बसलेल्या लखमाकडे वळला. "आणि तू रे? उद्या गिरणीत येतोस ना?"

"जी शेठ. सांगाल तसं करतो," लखमा पुटपुटला.

"कोणी काही करत नाही," आबा म्हणाले. "राक्षस आहे तसाच नाचेल."

"नाचू दे की. माझ्या माडीखालून जाईल तेव्हा वरून घागरी ओततो. कागदाची तुमची ऐट! भर गावात त्याचा चिखल करून दाखवतो."

शेठ गेला. लखमाला स्वतःची लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला. रागात माणूस काम झपाट्याने करतो; चांगले करतोच असे नाही. त्याने राक्षस वाळवला, रंगवला आणि बाहेरून रोगणाचे हातावर हात दिले. गालात तोंड दिसावे इतका तो चकाकू लागला. मोठ्या अभिमानाने त्याने तो आबांपुढे ठेवला.

आबांनी मुखवटा उलटा केला. आतला लगदा कोराच होता. त्यावर कुठे कुठे छापील अक्षरेही दिसत होती.

"इथे हात दिला नाहीस?"

"आतलं कोण बघतंय, आबा? शेठ पाणी बाहेरून ओतणार आहे."

आबांनी तांब्या उचलला, मुखवट्याच्या खोलगट भागात पाणी ओतले आणि स्वस्थ बसून राहिले. हळूहळू नाक खचले. मग जबडा सुटून त्यांच्या हातात आला.

लखमाचे डोळे भरून आले. "शेठचं काम तुम्हीच केलंत की, आबा. त्याच्या घागरी तेवढ्या वाचल्या."

"बस खाली," आबा म्हणाले. "एवढ्या वर्षांत माझा एकही मुखवटा पावसाने मोडला नाही. मोडले ते सगळे आतून मोडले. आत माणूस असतो, बाबा. तो नाचतो, धापा टाकतो, घामाघूम होतो. शेठने घागर उचलायच्या आधी तुझ्याच घामाने हा जबडा गळून पडला असता. आणि शेठ म्हणाला असता, बघा, मी तर बोटही लावलं नाही. त्या दिवशी ओसरीवर दुसरं काय झालं? त्याने नुसतं 'येतोस ना' विचारलं आणि तू आतून भिजलास. भीती वाटली म्हणून मी तुला बोलत नाही. मलाही वाटली. घाम सगळ्यांनाच येतो, पण तो आत मुरू द्यायचा नाही."

लखमाने विचारले, "माणसाला आतून कसलं रोगण लावायचं, आबा?" आता तो मुखवट्याविषयी विचारत नव्हता.

"जाऊन जाऊन काय जाईल, ते आधीच मनाशी बोलून टाकायचं. गिरणी जाईल? जाईल. एकदा तू 'जाईल' म्हणालास, की मग शेठकडे तुला भिववायला उरतं काय?"

लखमाने तो मोडका राक्षस स्वतःच्या हाताने उखळात टाकला आणि कुटायला घेतला. त्याच लगद्याचा पुन्हा मुखवटा झाला. या वेळी पहिला हात आतून दिला गेला.

यात्रेच्या दिवशी उन्हे उतरताना राक्षस शेठच्या माडीखाली आला. वरून खरोखरच घागरी रिकाम्या झाल्या. वाजंत्री थांबली, गाव श्वास रोखून पाहू लागले. पाणी गालांवरून ओघळले, मिशांच्या टोकांवरून टपटपले आणि जमिनीत जिरले. मुखवटा जागचा हलला नाही. आत लखमाला दरदरून घाम फुटला होता, तोही तसाच ओघळून गेला.

त्याने मान वर केली. "शेठ, एवढ्यात संपलं? राक्षसाची आंघोळ अजून व्हायची आहे."

"शेठ आला, शेठ आला!" या वेळी ओरडणारी पोरे नव्हती. गिरणीतली माणसे होती, त्यांच्या बायका होत्या, देवांची सोंगे घेतलेलेही ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारातूनच लखमाला परत पाठवण्यात आले. तो तडक आबांकडे आला आणि त्याने रद्दी भिजत घातली.

"आबा, पुढल्या वर्षी मिशा जरा वाढवू या का?"

"साच्याला हात लावायचा नाही," आबा म्हणाले. "बदलायचं असेल तर शेठने बदलावं."