नवाग्नीचा सण आणि तुहिनेचा शाप

कृतयुग उतरणीला लागले होते. धर्म अजून चारही पायांवर उभा होता खरा, पण त्यातला एक पाय आताशा दुखू लागला आहे, असे जाणते म्हणत. त्या काळी सुवर्णशिखर मेरूच्या उत्तरेस, शैलोदा नदीच्या तीरावर, जिथे सहस्ररश्मी भगवान भास्कर सहा महिने मावळत नाही आणि सहा महिने उगवत नाही, अशा हिमधवल प्रदेशात नीहारक नावाचे लोक राहत असत. उंचेपुरे, पिंगट केसांचे, चमरी गाईंच्या दुधावर पोसलेले आणि बोलायला मोठे गोड. दीर्घ रात्री दिवस मोजायला सूर्यच नाही, म्हणून ते निजा मोजत. अमका दहा निजांपूर्वी आला, तमकी वीस निजांनी बाळंत होईल, अशी त्यांची भाषा.

आणि सण म्हणाल तर विचारू नका! सूर्य बुडाला की निरोपाचा सण, नदी गोठली की तिला निजवण्याचा सण, पहिली चमरी व्याली की खरवसाचा सण. पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे नवाग्नी.

त्याची कथा अशी सांगतात, की फार पूर्वी त्यांच्या गावात एक विधवा एकटीच शोक करीत बसली. सुतकाच्या घरी कशाला जा, म्हणून कोणी तिच्याकडे फिरकले नाही. तिची चूल विझली आणि मागोमाग तीही विझली. तेव्हा हव्यवाहन भगवान अग्नी कोपला, आणि साऱ्या गावातून अंतर्धान पावला. पूर्वजांनी नाक घासले, तेव्हा म्हणाला, "जिथे शोक आहे, तिथूनच यापुढे मी तुम्हाला मिळेन." तेव्हापासून दीर्घ रात्र संपताना, पूर्वेची कड तांबूस होऊन तीस निजा तशीच तांबूस राहते त्या काळात, शंख वाजला की घरोघरच्या चुलींवर बर्फ लोटायचा. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला, त्या एका घराने तेवढा विस्तव राखायचा. मग अवघ्या गावाने त्या दाराशी जायचे, तिथला एक घास खायचा, रडायचे, आणि निखारा घेऊन यायचे. निखारा देताना शोक करणाऱ्याने मृताचे नाव विस्तवात उच्चारायचे. एकदा नाव विस्तवात पडले, की ते पुन्हा कोणी घ्यायचे नाही, आणि त्या नावाचे कोणी दाराशी आले तर त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. कारण ऊब शोधत प्रेते येतात, आणि प्रेत आत आले की गावचा सगळा विस्तव विझतो, असा दंडक होता.

या गावात नदीच्या टोकाला तुहिना नावाची प्रौढ विधवा राहत असे. गेल्या साली तिचा एकुलता एक मुलगा शरभ हिमकड्याखाली गाडला गेला, आणि गेला नवाग्नी तिच्याच दारातून निघाला. आता घरात उरल्या दोघी; तुहिना आणि तिची सून रोहिषा. तुहिना मनाने वाईट नव्हती हो. पण दुःखाला जीभ फुटली की ती जवळच्या माणसालाच आधी चावते.

सणाला देवदाराच्या समिधा लागतात आणि देवदार उगवतो नदीच्या पलीकडे. समिधांवरूनच त्या दिवशी ठिणगी पडली.

"इतक्या उशिरा का उठलीस?" तुहिना म्हणाली. "सगळ्यांच्या समिधा आल्या. आपल्या घरी काय, जिभा जाळायच्या?"

"आत्याबाई, नदीचा बर्फ सध्या कच्चा झाला आहे. दोन निजांनी जाते."

"कच्चा असू दे. पांढऱ्या पायाची तू, तुला काय व्हायचंय? माझा पोर गिळून बसलीस, आता चूलही गिळ!"

रोहिषेने लोकरीचे कांबळे पांघरले, दोर खांद्यावर घेतला आणि निघाली. दाराशी थबकून एवढेच म्हणाली, "दूध उतू जाईल, लक्ष ठेवा."

ती गेली, आणि तिच्यामागे शैलोदेचा बर्फ तडकला. तो दुभंगून काळे पाणी मधे आले. त्या पाण्याचा स्पर्श झाला तर हाडामांसाचा पाषाण होतो, म्हणून होडीही घालता येईना. पाच निजा गेल्या, दहा गेल्या, चाळीस गेल्या. तुहिना रोज नदीकाठी जाऊन पलीकडे पाही आणि घरी येऊन चुलीत ओले शेण घाली. धूर दाट झाला पाहिजे, उंच गेला पाहिजे. पलीकडून कोणी पाहत असेल, तर त्याला घर कुठे ते कळले पाहिजे.

त्या वर्षी आणखी एक नवल घडले. गावात कोणी मेलेच नाही. म्हातारे खोकले आणि बरे झाले, बाळंतिणी सुटल्या, पोरे आपटली आणि उठली. यमाचे दूत वाट चुकले, असे लोक हसत म्हणत. हसता हसता शंख वाजला. गावाचा पुरोहित और्णव मुनी, ज्याला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठाऊक असे आणि प्रश्न मात्र कधी पुरता ऐकून घ्यायची सवय नसे, त्याने हात उंचावला. एकशे आठ घरांनी एकशे आठ चुलींवर बर्फ लोटला. प्रत्येकाला वाटले, सुतक असेल पलीकडच्या आळीत कुणाकडे तरी. मग मंडळी घरोघर विचारू लागली, आणि एकेकाचा चेहरा उतरू लागला. अरणी घासून पाहिल्या. पण सहा महिन्यांच्या हिमाने लाकडे आतून ओली. तळहात सोलले, ठिणगी पडेना.

तेवढ्यात कोणीतरी नदीकडे बोट दाखवले. एकच धूर वर चालला होता.

सारे गाव तुहिनेच्या दाराशी लोटले. पुढे होती शेजारीण पिंगाक्षी, सोळा निजांचे तान्हे कांबळ्यात गुंडाळून.

"चूल का विझवली नाहीस, तुहिने?" मुनीने गंभीर स्वरात विचारले.

"माझी सून यायची आहे, महाराज. धूर दिसला नाही तर वाट चुकेल."

"हे साध्वी, नवाग्नीच्या वेळी विस्तव कोण राखते? सुतकाचे घर. तू विस्तव राखलास, म्हणजे सुतक तू स्वतःच्या आचरणाने मान्य केलेस. मनुष्य मुखाने नाकारतो ते त्याची चूल कबूल करते. धन्य आहे तुझी! अग्नीनेच आम्हांला मार्ग दाखवला. आता नाव घे."

"ती मेलेली नाही!"

"चाळीस निजा झाल्या, बाई," मागून एक म्हातारा म्हणाला. "तिथं काय तिच्या माहेरची माडी आहे?"

पिंगाक्षी पुढे आली. "नाव कशाला हवं? एक निखारा द्या मला, मी पळत नेते." तुहिनेने लगेच शेगडीत निखारा घातला. पण वारा आडवा आला, आणि दहा पावलांवर निखारा काळा पडला. "पाहिलेत?" और्णव म्हणाला, "नावाविना अग्नी येत नाही." दुसरा निखारा नेऊन पाहावा, असे त्या एवढ्या जमावात एकालाही सुचले नाही.

पिंगाक्षीने कांबळ्याचे टोक बाजूला केले. बाळाचे ओठ जांभळे पडले होते. ते रडतही नव्हते.

"वहिनी," ती एवढेच म्हणाली, "मी तुमच्या शरभच्या वेळी तीन निजा तुमच्या पायाशी बसले होते."

तुहिना कितीतरी वेळ त्या इवल्याशा तोंडाकडे पाहत राहिली. मग वाकली, आणि चुलीशी तोंड नेऊन इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, की जणू निजलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये, "रोहिषा."

मग काय! निखारे निघाले, आळीआळीतून धूर उठले, सातूच्या पोळ्या चमरीच्या लोण्यात तळल्या गेल्या, ढोल वाजले. बाळ रडू लागले, आणि ते रडणे ऐकून गाव हसले. पिंगाक्षीने तुहिनेला पोळी आणून दिली. ती तिने खाल्ली. गोड लागली, याची तिला फार लाज वाटली.

तिसऱ्या निजेनंतर, क्षितिजावर सूर्याची नखाएवढी कोर दिसली, आणि त्याच वेळी दारावर थाप पडली.

"आत्याबाई, दार उघडा. मी आहे."

तुहिनेने दार उघडले. उंबऱ्याबाहेर रोहिषा उभी. पाठीवर देवदाराची मोळी, पायांना कांबळ्याच्या चिंध्या, आणि त्या चिंध्यांतून दिसणारी बोटे कोळशासारखी काळी.

"वरच्या अंगाने वळसा घातला," ती म्हणाली. "तिथे बर्फ पक्का आहे. अख्ख्या गावात एकच दाट, उंच धूर दिसायचा, त्याच्या रोखाने चालत होते. म्हटलं, म्हातारी शिव्या देते, पण चूल राखते. मग एकाएकी सगळीकडूनच तसा धूर झाला आणि मी दोन निजा भलतीकडेच फिरले." ती हसू पाहत होती. "समिधांना उशीर झाला ना? बोला आता काय बोलायचं ते. पण आत घ्या आधी. पाय गेलेत माझे."

तुहिनेचा हात पुढे झाला. रोहिषेने पाय उचलला. आणि भिंतीपलीकडून पिंगाक्षीच्या बाळाचे रडणे ऐकू आले. हिला आत घेतले आणि खरोखरच सगळा विस्तव विझला तर? तुहिनेचा हात हवेतच थांबला.

"जरा थांब," ती म्हणाली. "इथंच बस. उंबरा ओलांडू नकोस. मी विचारून येते."

"काय विचारून येता?"

"आले, आले मी!" असे म्हणत स्वतःच्या अंगावरचे कांबळे तिने सुनेच्या अंगावर टाकले, आणि धावत सुटली.

और्णव मुनी सभामंडपात सूर्यपूजा करीत होता. पूजा संपेपर्यंत बोलता येईना. मग त्याने वृद्धांना बोलावले. मग प्रश्न मांडला. "जी आली ती रोहिषा आहे की रोहिषेचे रूप घेतलेले प्रेत, याचा निर्णय प्रथम व्हावा. प्रेताची छाया पडत नाही." दुसरा म्हणाला, "कोरभर सूर्यात छाया ती कशी पाहणार?" तिसरा म्हणाला, "ती काही मागत होती का? प्रेत ऊब मागते."

"कोण मागत नाही ऊब?" तुहिना ओरडली. "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण लवकर म्हणा!"

शेवटी मुनी डोळे मिटून म्हणाला, "नाव विस्तवात पडले आहे. प्रवेश नाही."

तुहिना उलट्या पावली धावली. आता तिने मनाशी ठरवले होते. विझेल ते विझो, तिला उचलून आत न्यायची. पण निश्चयाला उशीर झाला, की तो निश्चय राहत नाही, नुसता पश्चात्ताप होतो. रोहिषा उंबऱ्याला टेकून बसली होती, सांगितले होते तशीच, बाहेर. दार उघडे होते. चुलीची ऊब हातभर अंतरावर होती. पापण्यांवर हिम साचले होते.

तुहिनेने तिला खेचून आत घेतले, चुलीशी निजवले, पाय चोळले, तोंडात दूध घातले. ते ओघळून आले. आणि चूल विझली नाही. गावातली एकही चूल विझली नाही.

तेव्हा तुहिनेने जो आक्रोश केला, त्याने शैलोदेचा बर्फ पुन्हा तडकला म्हणतात. गाव धावत आले. आणि चुलीतून, सप्तजिव्ह, धूम्रध्वज, रक्तवर्ण भगवान अग्नी प्रकट झाला. त्याचे मुख मात्र खाली होते.

"देवा," तुहिना म्हणाली, "तुझ्या दंडकाने माझी सून मेली."

"दंडक माझा नव्हे," अग्नी म्हणाला. "मी म्हणालो होतो, दुःख्याच्या दाराशी जा. नाव मागितले नव्हते. उंबरा अडवायला सांगितले नव्हते. ते तुम्ही माझ्या मागून जोडलेत. माते, यमाने नेलेले मला परत आणता येत नाही. दुसरा कोणताही वर माग."

तुहिनेने सुनेचे डोके मांडीवर घेतले. मग गावाकडे पाहून म्हणाली, "वर नको. शाप देते, त्याला तू साक्षी राहा. या लोकांना विस्तवासाठी एक मेलेले माणूस हवे होते. मिळेना, तर जितीचे नाव टाकून मेलेली केली. ऐका रे! यापुढे तुम्हाला त्याची वानवा पडणार नाही. सुतकाविना एकही वर्ष या गावाला जाणार नाही. मी नाव टाकले, मी विचारायला गेले, म्हणून माझ्यापासूनच आरंभ होवो!"

"तथास्तु," अग्नी पुटपुटला.

और्णव मुनी तिच्या पायांवर पडला. "हे तपस्विनी, उःशाप दे! बाळांनी काय केले आहे?"

ते ऐकून तुहिनेला रडू फुटले. शेवटी बाईचेच मन. म्हणाली, "ज्या वर्षी दारावर थाप पडेल, आणि कोणालाही न विचारता कोणी दार उघडून आलेल्याला आत घेईल, त्या वर्षी या गावात कोणी मरणार नाही."

अग्नी चुलीत परतला. मग कोणीतरी हळूच म्हणाले, "देव म्हणतो ते खरं, पण रीत ती रीत," आणि माना हलल्या.

पुढच्या नवाग्नीला सुतकाचे घर तुहिनेचेच होते. तिचे नाव विस्तवात टाकायला घरात कोणी उरले नव्हते, म्हणून पिंगाक्षीने ते टाकले. त्यानंतर सुतकाविना वर्ष त्या गावाने पाहिले नाही.

उःशाप मात्र नीहारक विसरले नाहीत. उलट त्यांनी त्याचाही सण केला. त्याला द्वारोद्घाटन म्हणतात. नवाग्नीच्या दुसऱ्या दिवशी एका कुमारिकेला कांबळे पांघरून, पाठीवर देवदाराची लहानशी मोळी देऊन बाहेर उभे करतात. ती ठरलेल्या घरी जाऊन थाप मारते, आतली सुवासिनी हसत दार उघडते, तिच्या पायांवर कोमट दूध घालते आणि तिला चुलीशी बसवते. बायका गाणी म्हणतात, पोळ्या वाटतात, मोठी मौज असते. यंदा तरी शाप फिटेल, असे सगळे एकमेकांना सांगतात. आणि वर्ष सरण्यापूर्वी कुठल्या ना कुठल्या घरी रडणे ऐकू येतेच. असे का होते, हे त्या भोळ्या लोकांना आजवर उमगलेले नाही. सण तर ते अगदी विधिपूर्वक करतात. थाप कोणी मारायची, दार कोणत्या घराने आणि कोणत्या घटिकेला उघडायचे, हे सारे महिनाभर आधी मुनींना विचारून घेतात.