रिठ्यात धुतलेलं निशाण

एका राज्यात वारा राजाचं ऐकत नसे, फौजेच्या निशाणाचं ऐके. निशाण उभं राहिलं की तो यायचाच. रणात धूळ उठून आपला कोण, परका कोण कळेनासं झालं, की शिपाई त्या फडफडीकडे धावत. निशाणदाराचे दोन्ही हात काठीला. तलवार धरायला तिसरा हात बिचारा आणणार कुठून? तो पडला, तर काठी मातीला टेकण्याआधी दुसऱ्याने धरायची, असा रिवाज होता.

म्हातारा धारोजी तिथला निशाणदार. त्याचा बापही निशाण धरूनच पडला होता. रोज सकाळी धारोजी ते कापड नाकाशी धरी. त्यात बापाचा वास होता.

पुढे महीपाल गादीवर बसला. हौशी राजा! मिरवणुकीत मळकं निशाण कसं न्यायचं, म्हणून त्याने ते रिठ्याच्या पाण्यात धुऊन घेतलं. लख्ख निघालं. वाऱ्याने ते ओळखलंच नाही. तो रुसून गेला तो गेलाच. मळणी झालेलं धान्य उफणता येईना, खळ्यावर भुशासकट पडून राहिलं. घरोघरी चुली थंडावल्या.

धारोजी राजासमोरच कापडात तोंड खुपसून रडला.

तेव्हा कुंपणावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "राजा, त्यात तीन वास होते. मातीचा, धुराचा, माणसाचा. तिन्ही परत आण."

राजा धारोजीला घेऊन निघाला. पहिला निशाणदार पडला त्या खिंडीत एक जादूगार बसे. जोडे घालून येणाऱ्याचा तो दगड करी. राजा अनवाणी गेला, माती मागितली, मिळाली. ती कापडाला फासली. पुढे न विझणाऱ्या धुनीपाशी चेटकीण म्हणाली, "धुराचं मोल दे." राजाने मुकुट काढून दिला. कापड धुरकटलं.

"आता माणसाचा वास," धारोजी म्हणाला. "पण माझे हात थरथरतात, महाराज."

"मी धरतो."

"तलवार ठेवावी लागेल."

राजाने ठेवली.

डोंगर उतरत, उन्हातून, काठी कुठेही न टेकवता तो राजधानीपर्यंत चालला. तळहात सोलले. घाम कापडात मुरला. वेशीत शिरताना निशाणाचं टोक हललं, आणि मग खळ्याखळ्यांवर भूस उडालं. बायका सुपं घेऊन धावल्या.

राजाने निशाण धारोजीपुढे धरलं. "बघा, बापाचा वास आला?"

धारोजीने खोल श्वास घेतला. "नाही, महाराज. तो गेला." त्याचे डोळे भरून आले. "आता तुमचा येतोय. लेकाला सांगून ठेवा, धुऊ नको म्हणावं."